एका पत्रकाची पंचाण्णव वर्षे

चार्ल्स डार्विन हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माकडाचे आणि माणसाचे नाते जुळवून देणारा दाढीवाला इंग्रज, एवढी त्याची ओळख परीक्षेपुरती पुरते. त्याच्या पत्नीचे नाव विचारले की मात्र वर्गात शांतता पसरते. आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही निराळे काही घडत नाही. त्या बाईंचे नाव एमा. या नवराबायकोंनी १८६३ साली मिळून एक लहानसे पत्रक छापून घेतले. लोखंडी सापळ्यात अडकलेल्या जनावराचे रात्रभर काय होते, एवढाच त्या पत्रकाचा विषय होता. त्यात ज्या सापळ्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले होते, तो सापळा इंग्लंडात बेकायदा ठरायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे मधे पंचाण्णव वर्षे गेली.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जरा कडू आहे, हे मी जाणतो. पण आम्हा कोकणातल्या लोकांची दिवाळी तरी कारीट फोडून, त्याचा कडू रस जिभेला लावल्याशिवाय कुठे सुरू होते? तेव्हा वाचकांनी हा लेख कारिटाच्या जागी समजावा, आणि मग करंज्या-चकल्यांकडे वळावे.

प्रथम तो सापळा कसा होता ते सांगतो. इंग्रजीत त्याला ‘जिन’ म्हणत. एंजिन या शब्दाचाच तो तुटका अवशेष. दोन लोखंडी जबडे, त्यांना करवतीसारखे दाते, खाली जोरकस पट्टीची स्प्रिंग, आणि मधोमध एक पातळ पत्रा. जबडे उघडे करून सापळा बिळाच्या तोंडाशी किंवा जनावराच्या वाटेवर पुरायचा, वर माती-पाला पसरायचा आणि साखळीने तो जमिनीला जखडून टाकायचा. पत्र्यावर पाय पडला की जबडे खाडकन मिटत. जनावर मरत नसे, आणि सापळ्याची सारी गोष्ट याच एका वाक्यात आहे. पायाचे हाड मोडे, मांस चिरडे, पण प्राण शाबूत राही. मग सकाळी सापळेवाला फेरीवर येऊन डोक्यात दांडका घालीपर्यंत त्याने तिथेच तडफडत पडायचे. कित्येक जनावरे स्वतःचाच पाय कुरतडून, तीन पायांवर पळून जात.

असे सापळे लावी कोण? बिळात राहणाऱ्या सशांनी इंग्लंडातली शेते पोखरली होती, म्हणून शेतकरी ते लावीत. सशाचे मांस आणि कातडे विकणारे धंदेवाईक सापळेवाले लावीत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे जमीनदारांची शिकारीची राने राखणारे रखवालदार लावीत. साहेबलोकांना हिवाळ्यात बंदुकीने मारण्यासाठी फेझंट पक्षी भरपूर लागत. त्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाणारे मुंगसासारखे स्टोट, खोकड, रानमांजरे यांचा आधीच बंदोबस्त व्हावा, यासाठी रानोमाळ सापळे पेरलेले असत. म्हणजे एका खेळाच्या सोयीसाठी दुसरा मुका खेळ रात्रभर चाले.

डार्विन कुटुंब लंडनपासून पंधरा-सोळा मैलांवर, केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहत असे. चार वर्षांपूर्वी, १८५९ साली, ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ प्रसिद्ध झाला होता आणि त्यावर देशभर वादळ उठले होते. चार्ल्सची प्रकृती त्या १८६३ साली फारच ढासळली होती. अशा घरात हे पत्रक तयार झाले. त्याच्यामागची धावपळ, पत्रके पाठवणे, ओळखीच्यांना पत्रे लिहिणे, हे बरेचसे एमाने केले. जवळच्या ब्रॉम्ली गावच्या नियतकालिकात ते आले, आणि बागबगीचे व शेती करणाऱ्या मंडळींच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकातही त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो मजकूर छापून आला.

त्या पत्रकाची मांडणी मला एक लेखक म्हणून फार शिकवून जाते. त्यात शिव्या नाहीत, शाप नाहीत, देवाधर्माचा धाकही नाही. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: आपला इंग्रज सद्‌गृहस्थ कनवाळू असतो, डोळ्यांदेखत कोणाला वेदना होत असतील तर तो धावून जातो, असे असताना हाच गृहस्थ आपल्या रानात हजारो जीवांना आठ-आठ, दहा-दहा तास यातना भोगू देतो, हे कसे? पत्रकाचे उत्तर सरळ आहे. तो ते पाहत नाही. सापळा रखवालदार लावतो, तोही संध्याकाळी. वेदना रात्री होते. सकाळी उरते ती फक्त कातडी. मग वाचकाला विनंती केली आहे की आपलाच हात किंवा पाय अशा दातांत सापडला आहे, आणि सुटकेची आशा नाही, अशी एक रात्र मनात आणून पाहा.

माझ्या मते साऱ्या चळवळीचे मर्म इथे आहे. सापळा लावणारा माणूस क्रूर असतोच असे नाही. ज्या माणसाला बैलाच्या पाठीवर चाबूक उडालेला पाहवत नाही, तोच संध्याकाळी सापळा लावून घरी येऊन सुखाने भाकर खाऊ शकतो. चाबकामागे हात दिसतो. सापळ्यामागे हात दिसत नाही. माणसाच्या हातून घडलेल्या क्रौर्यापेक्षा माणसाच्या गैरहजेरीत घडलेले क्रौर्य थांबवणे कठीण असते, कारण त्याची लाज कोणालाच वाटत नाही.

त्या काळी इंग्लंडात प्राण्यांसाठी कायदे नव्हते असे नव्हे. १८२२ साली रिचर्ड मार्टिन या खासदाराने गुरांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा करवून घेतला होता. दोन वर्षांनी, १८२४ साली, प्राणिदया संस्था स्थापन झाली. पुढे तिला राणीच्या कृपेने ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १८३५ च्या कायद्याने अस्वलांवर कुत्री सोडण्याचा आणि कोंबड्यांच्या झुंजींचा खेळ बंद केला. पण हे सारे पाळीव जनावरांपुरते किंवा माणसाच्या ताब्यातल्या जनावरांपुरते होते. रानातल्या जनावराला मालक नाही, म्हणून त्याला वकीलही नाही, असा तो न्याय होता.

आता एमाबाईंपुढे प्रश्न उभा राहिला. सापळा वाईट हे खरे, पण ससे तर मारायलाच हवेत. मग दुसरे साधन कोणते? तेव्हा प्राणिदया संस्थेमार्फत, जनावराला यातना न देणारा सापळा शोधून काढणाराला बक्षीस जाहीर झाले. एमाने त्यासाठी वर्गणी जमवली. नमुने आले, प्रदर्शन झाले, परीक्षकांनी पाहिले; पण स्वस्तही आणि निर्वेदनही असा सापळा काही हाती लागला नाही. ‘दुसरा उपाय नाही’ हे वाक्य त्यानंतर पाऊणशे वर्षे बंदीच्या आड उभे राहिले.

मधल्या काळात कायदा अगदीच झोपून राहिला असे म्हणता यायचे नाही. १८८० साली असे ठरले की सशांसाठीचे स्प्रिंगचे सापळे उघड्यावर लावू नयेत, बिळाच्या आतच लावावेत. १९११ च्या कायद्याने असे सांगितले की सापळा लावणाराने तो दिवसातून निदान एकदा, सूर्योदय ते सूर्यास्त यांच्या दरम्यान, तपासावा. वाचकांनी क्षणभर थांबून या दुसऱ्या नियमाकडे पाहावे. दिवसातून एकदा! म्हणजे संध्याकाळी सापडलेल्या सशाने सकाळपर्यंत आणि सकाळच्या फेरीनंतर सापडलेल्याने दुसऱ्या दिवसापर्यंत तडफडत राहायला कायद्याची हरकत नव्हती. कायद्याने वेदनेचे तास मोजले, पण ते सापळेवाल्याच्या सोयीच्या घड्याळावर.

विसाव्या शतकात या लढ्याला एक निराळा माणूस मिळाला. मेजर चार्ल्स ह्यूम हे त्यांचे नाव. १९२६ साली त्यांनी लंडन विद्यापीठात प्राण्यांच्या हितासाठी एक संस्था काढली. पुढे ती इतर विद्यापीठांतही पसरली. ह्यूम यांचे म्हणणे असे की जनावरांबद्दल नुसते डोळे ओले करून भागायचे नाही, माहिती हवी. त्यांनी ‘दुसरा उपाय नाही’ या वाक्यालाच हात घातला. सापळ्याने ससे खरोखर कमी होतात का, असा त्यांचा सवाल होता.

उत्तर मोठे मासलेवाईक निघाले. नैऋत्य वेल्समध्ये आणि डेव्हन-कॉर्नवॉल भागात सापळेवाले शेतकऱ्याला पैसे मोजून ससे धरण्याचा मक्ता घेत. मक्तेदार पुढच्या वर्षाचा धंदा बुडवून कसा घेईल? तो विणीपुरते ससे मागे ठेवी. शिवाय सापळ्यात नुसते ससेच सापडत नसत; सशांना खाणारे स्टोट, मांजरे हेही सापडून मरत. म्हणजे ज्या भागात सापळे जास्त, त्याच भागात ससे जास्त, आणि सशांचे वैरी कमी! पीक वाचवण्यासाठी म्हणून जो सापळा लावला जात होता तो सशांचे पीक काढण्याचे अवजार बनला होता. ह्यूम यांच्या संस्थेने सापळ्याऐवजी बिळे बंद करून आत विषारी वायू सोडण्याचा मार्ग सुचवला. दयेचा हा मार्ग ऐकायला विचित्र वाटतो, हे मी कबूल करतो. पण ज्याला मारायचेच आहे त्याला रात्रभर तरी छळू नका, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती अव्यवहारी मुळीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, सरकारने रानटी जनावरांच्या छळाचा विचार करण्यासाठी स्कॉट हेंडरसन या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीने १९५१ साली अहवाल दिला. शिकारीच्या कित्येक प्रकारांना तिने सांभाळून घेतले. पण जिन सापळ्याचा तिनेही कडक शब्दांत धिक्कार केला आणि तो बंद करावा अशी शिफारस केली.

तरीही कायदा कदाचित आणखी रेंगाळला असता. पण १९५३ साली एक अघटित घडले. मिक्सोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग फ्रान्समधून इंग्लंडात शिरला, आणि तो पहिल्यांदा आढळला तो डार्विनच्याच केंट परगण्यात. सशांचे डोळे सुजून बंद होत, ते आंधळे होऊन रस्त्यांवर येऊन बसत आणि दहा-बारा दिवसांत मरत. दोन-तीन वर्षांत देशातले शंभरातले नव्व्याण्णव ससे या रोगाने नेले. सापळेवाल्यांचा धंदाच बसला. ज्या हितसंबंधांच्या भिंतीवर पत्रके, सभा आणि अहवाल आपटून परत येत होते, ती भिंत रोगाने पाडली. १९५४ च्या कायद्याने ठरवले की मंत्र्यांनी मंजूर केलेल्या सापळ्यांखेरीज इतर स्प्रिंगचे सापळे ३१ जुलै १९५८ पासून वापरता येणार नाहीत. आणि मौज अशी की बंदीची तारीख पक्की ठरताच, जनावराला चटकन ठार करणारे सापळे तयारही झाले आणि मंजूरही झाले. बक्षीस लावून जे सापडले नव्हते ते मुदत घालताच सापडले.

इतिहास लिहिणाराला इथे एक मोह होतो. एका थोर जोडप्याने बीज पेरले आणि पंचाण्णव वर्षांनी त्याला फळ आले, अशी गोष्ट रचली की ती फार गोड होते. पण तसे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सापळ्याहूनही भयंकर मरण घेऊन आलेल्या रोगाने ही बंदी सोपी केली, हेही सांगितले पाहिजे. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पत्रक, बक्षीस, ह्यूम यांचा हिशेब आणि समितीचा अहवाल ही तयारी आधी झालेली नसती तर रोग ओसरल्यावर सापळे पुन्हा लागले असते. त्याच १९५४ च्या कायद्याने रोगी ससा मुद्दाम सोडून साथ पसरवणे हाही गुन्हा ठरवला. इतक्या वर्षांच्या बोलण्याने लोकांच्या मनात काय बदलले होते, ते या एका कलमावरून दिसते.

जिन गेला, स्कॉटलंडातून तो जायला १९७३ साल लागले. पण त्याचा धाकटा भाऊ मागे राहिला, तो म्हणजे तारेचा फास. गळ्यात पडला की ओढीसरशी आवळत जाणारा आणि पुन्हा सैल न होणारा फास ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने बंद झाला. ओढ थांबली की सैल होणारा फास मात्र चालू राहिला. तो नुसता धरून ठेवतो, मारीत नाही, असे त्याचे समर्थन होते. पण तार काही जनावराची जात विचारीत नाही. खोकडासाठी लावलेल्या फासात बिज्जूच्या जातीचे बॅजर सापडत, हरणे सापडत, घरची मांजरेही सापडत. आणि धडपडणाऱ्या जनावराला ओढ थांबवावी हे कोण शिकवणार? अखेर वेल्सने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सर्वच फासांवर बंदी घातली. स्कॉटलंडने २५ नोव्हेंबर २०२४ पासून तेच केले. इंग्लंडातही मजूर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात फासांचा वापर बंद करण्याचे वचन दिले. डार्विन दांपत्याच्या पत्रकाला तोवर एकशे साठाहून अधिक वर्षे होऊन गेली होती.

आता कोणी म्हणेल, साता समुद्रांपलीकडच्या सशांचे एवढे पुराण आम्हाला कशाला? तर फास ही वस्तू आम्हाला परकी नाही. आमच्या कोकणात तिला ‘फासकी’ म्हणतात. माझ्या वर्गात फासकी कशी असते असे विचारले तर पुष्कळ हात वर होतात. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार, एक खुंटा आणि कुंपणातली जनावराची रोजची वाट, एवढ्यावर ती तयार होते. रानडुक्कर एका रात्रीत भाताचा कुणगा नासवून टाकतो, तेव्हा शेतकऱ्याने काय करावे हा प्रश्न खोटा नाही. पण फासकी डुकरासाठी लावलेली असली तरी पुष्कळदा तीत अडकतो तो बिबट्या. कमरेत तार रुतलेला, झाडाभोवतीची माती उकरून काढलेला बिबट्या सकाळी दिसतो. गाव जमते, वनखात्याची माणसे भुलीचे इंजेक्शन घेऊन येतात. कधी तो वाचतो, कधी वाचत नाही. फासकी कोणी लावली, हे मात्र गावात कोणालाच ठाऊक नसते.

आपल्याकडे कायद्याला पंचाण्णव वर्षे थांबावे लागले नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाच्या प्रेरणेतून १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच फास लावणे व सापळ्यात धरणे घातले. इंग्लंडात लोकमत आधी तयार झाले आणि कायदा मागून आला. आपल्याकडे कायदा केव्हाच आला आहे, लोकमत अजून वाटेवर आहे.

आणखी एक फरक आहे, तो विसरता कामा नये. इंग्लंडात सापळ्यांमागे मोठमोठे जमीनदार होते. आपल्याकडे फासाचे नाव एका गरीब जमातीला कायमचे चिकटले आहे. तितर, लावे, ससे फासात धरून पोट भरणारे फासेपारधी. डार्विनने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या मानववंशावरील ग्रंथात असे म्हटले की माणसाच्या पलीकडच्या जीवांविषयी कणव ही माणसाच्या नीतीत फार उशिराने आलेली गोष्ट आहे. योगायोग असा, की त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात माणसांच्या आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, आणि पुढे पारध्यांच्या कपाळीही तोच शिक्का आला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. मनावरचा शिक्का मात्र अजून पुसला गेलेला नाही. फास बंद झाले पाहिजेत असे म्हणणाराने, फासावर जगणाऱ्या माणसाने उद्या काय खावे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. अकोला-वाशीमकडे फासेपारधी कुटुंबांनीच गवताची कुरणे राखून तणमोरासारखे पक्षी जगवण्याचे काम हाती घेतले. पाखराची वाट ज्याला डोळे मिटून सापडते त्याच्याहून चांगला राखणदार कोठून आणणार? शेतकऱ्याचेही तेच. पिकाची भरपाई वेळेवर हातात पडली तर क्लचची तार शोधायला तो गॅरेजात जाणार नाही.

कणव आपल्याला बाहेरून आणायची नाही. लीळाचरित्रातील चक्रधरस्वामींची कथा आठवा. कुत्र्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला, आणि मागून आलेल्या पारध्यांना स्वामींनी शरण आलेल्याला सोडून द्यायला लावले. सातशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिली गेलेली ही गोष्ट आहे. पण तो ससा धावत स्वामींसमोर येऊ शकला. फासात अडकलेला जीव धावत कोणापुढे येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपल्यालाच जावे लागते. एमा डार्विनने तेवढेच केले होते. तिने शेजाऱ्यांना आणि गावच्या छोट्या नियतकालिकाच्या वाचकांना रात्री रानात काय चालते ते साध्या शब्दांत सांगितले.

आमच्याकडे अशी पत्रके अजून लिहायची आहेत, मराठीत आणि मालवणीत. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावीत, शाळेत मोठ्याने वाचली जावीत, आणि त्यांच्या खाली भरपाईचा अर्ज कोठे द्यायचा तेही छापलेले असावे. या सुट्टीत गावी गेलेल्या वाचकांनी आपल्या बागेच्या कुंपणाकडे एक फेरी मारावी. गवतात कोठे तार चकाकली, तर ती कोणी लावली याची चौकशी मागाहून करावी. आधी ती सोडवावी.